नकाशाचा एपीआय निवडण्याआधी त्याला कोपर विचारा

मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवली यांच्यामधलं स्टेशन कोपर. नकाशा पुरवणाऱ्या सेवेला नुसतं 'कोपर' एवढंच विचारलं, तर उत्तरं अनेक संभवतात. ठाणे पूर्वेला कोपरी आहे, नवी मुंबईत कोपरखैरणे आहे, अहिल्यानगर जिल्ह्यात कोपरगाव आहे. रोमन लिपीत टाइप करताना एक स्वर बदलला, तर स्लोव्हेनिया देशातलं कोपर नावाचं बंदरही यादीत येऊ शकतं. डोंबिवलीच्या माणसाला यातलं कुठलं म्हणायचं आहे हे बोलण्याच्या ओघात कळतं. सॉफ्टवेअरला ते आपण सांगावं लागतं.

समजा, डोंबिवलीतल्या एका पोळी-भाजी केंद्राला घरपोच डबे देण्यासाठी ॲप हवं आहे आणि गावातल्याच दोन-तीन तरुण डेव्हलपर मंडळींनी ते काम घेतलं आहे. पहिल्याच बैठकीत प्रश्न निघतो, नकाशा कुणाचा घ्यायचा? बहुतेक ठिकाणी उत्तर आधीच ठरलेलं असतं: जो सगळ्यांच्या फोनवर आहे, तोच. तो वाईट असतो असं नाही. पण एवढा खर्चाचा आणि पुढे बदलायला अवघड जाणारा निर्णय नावावरून घेऊ नये. आपल्या भागातले चार अवघड प्रश्न विचारून, उत्तरं पाहून घ्यावा. आणि अवघड प्रश्नांसाठी कोपरहून दूर कुठे जायची गरजच नाही.

एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामला ठरलेल्या साच्यात प्रश्न विचारायचा आणि ठरलेल्या साच्यात उत्तर घ्यायचं, याची सोय. 'नकाशाचा एपीआय' असं आपण एकवचनात म्हणतो खरं, पण त्यात किमान चार निराळी कामं असतात. पडद्यावर नकाशाचं चित्र दाखवणं हे एक. लिहिलेल्या पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढणं, म्हणजे जिओकोडिंग, हे दुसरं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणचा रस्ता आणि लागणारा वेळ काढणं हे तिसरं. लोकल, बस यांची वेळापत्रकं आणि थांबे हे चौथं. एका कामात पहिला येणारा पुरवठादार दुसऱ्या कामात मागे असू शकतो, म्हणून परीक्षा प्रत्येक कामाची वेगळी घ्यायला हवी.

सर्वांत जास्त गोंधळ पत्त्यांत होतो. आपले पत्ते खुणांवर चालतात: अमक्या मंदिराच्या मागे, जुन्या फाटकाजवळ, तमकी चाळ, खोली नंबर इतका. घरांना सलग क्रमांक असलेल्या देशांसाठी बनलेली यंत्रणा इथे अडखळते. मग ती काय करते? पत्त्यातला जो भाग ओळखू येतो, तेवढाच धरते. बऱ्याचदा तो पिनकोड असतो. डोंबिवली पश्चिमेचा पिनकोड 421202. हा आकडा अख्ख्या पश्चिमेचा असल्याने उत्तर म्हणून त्या क्षेत्राच्या मधोमधचा एखादा बिंदू येतो आणि कोपरचा डबा भलत्याच गल्लीत जातो.

यात पिनकोडचा दोष नाही. 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेली ही पद्धत पत्रं वेगळी करण्यासाठी होती, दार शोधण्यासाठी नव्हे. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषा आणि लिप्यांतले पत्ते, चुकीची स्पेलिंगं, या सगळ्यांतून वाट काढण्यासाठी त्यांनी सहा आकडे दिले. आज कोपर आणि कोपरी यांच्यात अडखळणाऱ्या जिओकोडरपुढे तोच प्रश्न आहे. पन्नास वर्षांनी आपण तिथेच आहोत, फक्त आता चूक मीटरमध्ये मोजली जाते.

म्हणून जिओकोडिंगचं उत्तर आलं की आधी त्याचा दर्जा वाचायचा. गूगलच्या उत्तरात बिंदू थेट इमारतीचा आहे, एखाद्या क्षेत्राचा मध्य आहे की नुसता अंदाज आहे, हे सांगणारा एक रकाना असतो. बाकीच्या सेवाही या ना त्या स्वरूपात अशी खूण देतात. ती न वाचता नकाशावर लाल पिन टोचली, की अंदाजाला खात्रीचं रूप येतं. अंदाज असेल, तर ॲपने ग्राहकाला नकाशा दाखवून पिन स्वतः सरकवायला सांगावं. दुसरी काळजी संदर्भाची. देश भारत, शोध कल्याण-डोंबिवलीच्या चौकटीत, हे प्रत्येक विनंतीबरोबर पाठवता येतं. गूगलमध्ये तशी सोय आहे, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी भरलेल्या खुल्या नकाशाच्या नॉमिनॅटिम या जिओकोडरमध्येही आहे. एवढ्यानेच स्लोव्हेनिया यादीतून जातो आणि कोपरगाव मागे पडतं.

तिसरी काळजी अगदी साधी, पण भल्याभल्यांना चकवणारी. कोपर साधारण 19.21 उत्तर अक्षांश आणि 73.08 पूर्व रेखांशावर आहे. पडद्यावर नकाशा दाखवणारी लीफलेटसारखी लायब्ररी आधी अक्षांश मागते. जिओजेसन हा डेटाचा सर्वमान्य साचा आधी रेखांश मागतो. अदलाबदल झाली, तर 73 उत्तर आणि 19 पूर्व हा बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक समुद्रात पडतो. नकाशा कोरा निळा दिसला, की आधी हा क्रम तपासावा.

पिनकोडला न सापडणाऱ्या दारासाठी 27 मे 2025 रोजी टपाल खात्यानेच डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्यासोबत तयार झालेली ही पद्धत भारतावर 36 अंश लांब आणि 36 अंश रुंद असा चौकोन मांडते, त्याचे सोळा भाग करते, मग प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा. असं दहा वेळा केलं की सुमारे 4 मीटर बाजूचा चौकोन आणि त्याचा दहा अक्षरांचा कोड मिळतो. त्याचं गणित खुलं आहे, त्यामुळे कोड काढायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत, इंटरनेटही लागत नाही. चाळीतल्या दारासाठी हे उत्तम आहे. पण चौदा मजली इमारतीतल्या सगळ्या मजल्यांचा डिजिपिन एकच येतो, कारण त्यात उंची नाही. तेव्हा पत्त्याच्या रकान्यात मजला आणि खोली वेगळी ठेवावीच लागेल.

उंचीचा हा प्रश्न कोपर स्टेशनवर ठळक दिसतो. इथे खालून मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग जातो आणि त्याला वरून छेदून दिवा-वसई मार्ग जातो. दोन्ही मार्गांवर कोपर नावाचे फलाट आहेत, खालचे आणि वरचे. कागदावरच्या नकाशात दोन्ही जवळजवळ एकाच जागी. खालून ठाण्याला जाणारी लोकल मिळते, वरून भिवंडी रोड आणि वसईची गाडी. ज्या डेटामध्ये स्टेशन म्हणजे एक बिंदू एवढंच नोंदलेलं असतं, तो प्रवाशाला नीट सांगू शकत नाही, की गाडी बदलायला जिना चढावा लागेल आणि त्याला काही मिनिटं लागतील.

चांगल्या डेटात याची तजवीज असते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वरून जाणाऱ्या मार्गावर पूल आणि थर यांची खूण असते. दोन रेषा पडद्यावर छेदतात, पण त्यांच्यात सामाईक बिंदू नसतो, त्यामुळे एका रुळावरून दुसऱ्यावर वळता येतं असं यंत्र समजत नाही. सार्वजनिक वाहतुकीच्या वेळापत्रकांसाठी जगभर जीटीएफएस नावाचा साचा वापरतात. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांनी तो 2005 मध्ये सुरू केला. त्यात एका स्टेशनाखाली अनेक फलाट, त्यांचे मजले, जिने आणि चालायला लागणारा वेळ, सगळं नोंदवता येतं. साचा आहे म्हणजे माहिती भरलेली आहे असं नाही. एखादी सेवा 'लोकल ट्रेन आहेत' म्हणते तेव्हा तिला डोंबिवली ते भिवंडी रोड विचारून पाहा, आणि कोपरला गाडी बदलणं ती कसं मांडते ते बघा.

प्रत्येक प्रश्न एपीआयला विचारलाच पाहिजे असंही नाही. सचिन टेके यांनी 2010 मध्ये आणलेलं एम-इंडिकेटर मुंबईकरांच्या हातात रुळलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे वेळापत्रक फोनमध्येच असायचं, नेटवर्क नसलं तरी दिसायचं. जी माहिती महिनोनमहिने बदलत नाही ती दर वेळी विकत आणण्यात अर्थ नाही.

आता रस्ते. डोंबिवलीचं पूर्व आणि पश्चिम हे रेल्वेने पाडलेले दोन भाग. रुळांपलीकडचं घर सरळ रेषेत दोनशे मीटरवर दिसेल, पण गाडीला पुलाशिवाय गत्यंतर नाही. सप्टेंबर 2019 मध्ये कोपर पूल धोकादायक म्हणून वाहनांसाठी बंद झाला आणि नव्याने बांधून सप्टेंबर 2021 मध्ये खुला झाला. मधली दोन वर्षं पूर्व-पश्चिम वाहतुकीचा भार ठाकुर्लीच्या पुलावर होता. राउटिंगच्या, म्हणजे रस्ता काढण्याच्या, दृष्टीने एक छोटीशी रेष पुसली जाते आणि हजारो उत्तरं बदलतात. उलट उदाहरण उल्हास खाडीवरच्या मोठागाव-माणकोली पुलाचं. तो खुला होण्याआधी डोंबिवली पश्चिमेहून खाडीपलीकडे जायचं तर कल्याणच्या दुर्गाडी पुलाकडून किंवा शीळफाट्याकडून वळसा पडायचा. ज्या नकाशात हा पूल अजून जोडलेला नसेल, तो आजही तोच वळसा सांगेल.

यातून दोन गोष्टी निघतात. डबा पोहोचवण्याचं अंतर सरळ रेषेने मोजू नका. 'तीन किलोमीटरच्या आत मोफत' असा नियम हवाई अंतरावर ठेवला, तर खाडीपलीकडचा ग्राहकही त्यात येईल आणि डबेवाला मुलगा तेल जाळत बसेल. दुसरं, नकाशा किती ताजा आहे हे जाहिरातीवरून ठरवू नका. आपल्या भागात गेल्या वर्षभरात खुला झालेला एक पूल, बंद झालेला एक रस्ता आणि एकदिशा झालेली एक गल्ली घ्या आणि प्रत्येक सेवेला तिथूनचा रस्ता विचारा. वाहनाचा प्रकारही बघा. स्टेशन परिसरात जिथे रिक्षाही मुश्किलीने वळते तिथून दुचाकी निघते. गूगलने दुचाकीचा पर्याय डिसेंबर 2017 मध्ये पहिल्यांदा भारतातच आणला, तो याच गरजेतून.

नकाशाच्या रूपाकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो. हल्ली तयार चित्रांऐवजी व्हेक्टर टाइल, म्हणजे रेषा आणि नावं यांचा कच्चा डेटा, फोनवर येतो आणि रंग, जाडी, अक्षर हे सगळं आपण ठरवतो. दिसायला मोहक, फिरवायला सहज. पण मराठी नावं लावली की एक घोळ समोर येतो. मॅपबॉक्सच्या धर्तीवरची अनेक इंजिनं अक्षरं एकेक सुटी काढून रांगेत मांडतात. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या यांची जुळणी करत नाहीत. मग 'डोंबिवली'तली पहिली वेलांटी ब च्या मागे जाते आणि 'ठाकुर्ली'चा रफार सुटून र आणि ली वेगळे पडतात. सर्व्हरवर मॅपनिक या प्रोग्रामने काढलेल्या तयार चित्रांत ही अडचण येत नाही, कारण तिथे हार्फबझ नावाची अक्षरजुळणी चालते. यावर उपाय निघत आहेत, पण तुम्ही निवडलेल्या आवृत्तीत ते आहेत का, हे करार करण्याआधी पडद्यावर पाहा. आपल्या गावाचं नाव मोडकं दिसणारा नकाशा मी तरी मराठी ग्राहकाला दाखवणार नाही.

पैशाचा विषय आता येतो, कारण बरोबर उत्तर न देणारी सेवा फुकट मिळाली तरी महाग पडते. 2018 मध्ये गूगलने दर बदलले तेव्हा दिवसाला 25,000 वेळा मोफत दिसणारा वेबवरचा नकाशा महिन्याला सुमारे 28,000 वर आला आणि पुढच्या दर हजारामागचा दर अर्ध्या डॉलरवरून 7 डॉलर झाला. त्या एका फटक्यात जगभरातल्या अनेक छोट्या संकेतस्थळांनी दुसरे पर्याय धरले. भारतात जुलै 2024 मध्ये ओलाने गूगल सोडून स्वतःचे नकाशे घेतल्याचं जाहीर केलं. आधी वर्षाला 100 कोटी रुपये खर्च होत होते, असं कंपनीचे प्रमुख भाविश अग्रवाल यांनी सांगितलं. त्याच महिन्यात मॅपमायइंडियाने ओलाला आपला डेटा वापरल्याच्या आरोपाची कायदेशीर नोटीस धाडली, ओलाने तो आरोप नाकारला. आणि 1 ऑगस्ट 2024 पासून गूगलने भारतासाठी बहुतेक सेवांचे दर 70 टक्क्यांपर्यंत उतरवले, रुपयांत पैसे भरायची सोयही केली. 1 मार्च 2025 पासून महिन्याची सरसकट 200 डॉलरची सूट जाऊन प्रत्येक सेवेची वेगळी मोफत मर्यादा आली. स्पर्धक असला की दर उतरतात, आणि दर कधीही बदलू शकतात, या दोन्ही गोष्टी या घटनांतून स्वच्छ दिसतात.

दरपत्रकापेक्षाही वाचायला हवा तो परवाना. गूगलकडून मिळालेले अक्षांश-रेखांश सलग 30 दिवसांपेक्षा जास्त साठवायला त्यांच्या अटी परवानगी देत नाहीत; कायम ठेवता येतो तो फक्त त्या जागेचा ओळख क्रमांक. गूगलच्या जिओकोडिंगचं उत्तर दुसऱ्या कुणाच्या नकाशावर दाखवायलाही आपल्याकडे मनाई आहे. म्हणजे 'पत्ता गूगलकडून, नकाशा फुकटातला' ही युक्ती सुचली, तरी करारात बसत नाही. ओपनस्ट्रीटमॅपचं उलट आहे. 2004 मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा प्रकल्प लोकांनी भरलेला आहे. डेटा उतरवून घ्या, साठवा, विका, पण श्रेय द्या, आणि त्या डेटाबेसमध्ये भर घालून तो इतरांना दिलात तर त्याच खुल्या परवान्याखाली द्या. मात्र डेटा मोफत आहे म्हणून त्यांचे सर्व्हरही आपल्या धंद्यासाठी मोफत आहेत असं समजू नका. ते देणग्यांवर चालतात. नॉमिनॅटिमच्या सार्वजनिक सर्व्हरला सेकंदाला एकापेक्षा जास्त विनंती करायची नाही, आणि टाइप करता करता सुचवण्यासाठी तो वापरायचाच नाही, असा नियम आहे. ग्राहक वाढले की स्वतःचा सर्व्हर उभारावा किंवा ही सेवा पैसे घेऊन देणारी कंपनी धरावी.

देशी पर्यायांत मॅपमायइंडिया सर्वांत जुनी. राकेश आणि रश्मी वर्मा यांनी 1995 मध्ये दिल्लीत सुरू केलेली ही कंपनी मॅपल्स या नावाने एपीआय देते. इस्रोचं भुवन 2009 पासून आहे. उपग्रह चित्रं आणि सरकारी थर हवे असतील तर तिथे आधी जावं.

कायद्याचाही भाग आहे. 15 फेब्रुवारी 2021 रोजी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नकाशांसाठीची पूर्वपरवानगीची जुनी पद्धत काढून टाकली. 1 मीटरपेक्षा सूक्ष्म अचूकतेचा डेटा बनवण्याचा आणि बाळगण्याचा हक्क मात्र भारतीय संस्थांनाच ठेवला. परदेशी कंपन्यांनी तो त्यांच्याकडून परवान्याने घ्यायचा. रस्त्यांवरून फिरून छायाचित्रं घेणंही भारतीय कंपन्यांकडेच राहिलं. म्हणूनच जुलै 2022 मध्ये गूगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतात आलं ते मुंबईची जेनेसिस इंटरनॅशनल आणि पुण्याची टेक महिंद्रा यांच्यामार्फत, आणि पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर ही होती. दुसरी गोष्ट सीमेची. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं 1961 च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. परदेशात तयार झालेल्या अनेक नकाशांत जम्मू-काश्मीरची रेषा वेगळी असते. ॲप फक्त डोंबिवलीचं असलं, तरी ग्राहकाने बोटांनी नकाशा लहान केला की अख्खा देश दिसतो. म्हणून झूम मर्यादित ठेवा किंवा सीमेचा थर सर्वेक्षण विभागाप्रमाणे लावा.

हाच सल्ला माझ्याकडे कुणी मागितला, तर मी पोळी-भाजी केंद्राच्या ॲपसाठी असं सांगेन. केंद्राच्या जुन्या वहीतून शंभर खरे पत्ते काढा, त्यांत चाळी, नव्या सोसायट्या, कोपर गाव, पूर्व आणि पश्चिम, मराठीत लिहिलेले आणि इंग्रजीत लिहिलेले, सगळे येऊ द्या. प्रत्येक दाराचा खरा बिंदू फोन घेऊन जागेवर नोंदवा. उघड्या आकाशाखाली फोन साधारण 5 मीटरपर्यंत अचूक असतो. मग तीन-चार सेवांकडून तेच पत्ते काढून घ्या आणि कुणाचं उत्तर किती मीटर चुकलं ते मांडा. ग्राहकांची नावं आणि फोन नंबर या परीक्षेत कुणाकडेही पाठवू नका, पत्ता पुरे. हे शनिवार-रविवारचं काम आहे आणि कुठल्याही जाहिरातीपेक्षा ते जास्त सांगेल. कोड लिहिताना पुरवठादाराची भाषा एकाच फाइलमध्ये कोंडून ठेवा, म्हणजे उद्या दर बदलले तर बदल तिथेच करावा लागेल. एपीआयची की, म्हणजे वापराची किल्ली, आपल्या ॲपपुरती आणि संकेतस्थळापुरती बांधून घ्या, रोजची मर्यादा लावा. उघडी राहिलेली की दुसऱ्याने वापरली तरी बिल आपल्यालाच येतं.

निकाल मला असा दिसतो: शे-दोनशे ग्राहकांच्या केंद्राने पत्ता आणि नकाशा दोन्ही परीक्षेत पहिल्या आलेल्या एकाच सेवेकडून घ्यावे आणि मोफत मर्यादेत राहावं. हजारो ग्राहकांचा, मराठी नावांचा, स्वतःचा डेटा साठवणारा प्रकल्प असेल, तर ओपनस्ट्रीटमॅपच्या पायावर स्वतःचं उभारणं लांबच्या पल्ल्यात स्वस्त आणि मोकळं.

पण तो पाया आपल्या भागात पक्का असायला हवा, आणि तो दुसरं कुणी येऊन पक्का करणार नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडायला पैसे लागत नाहीत. कोपरला राहत असाल तर आपली गल्ली, सोसायटीचं फाटक, स्टेशनचा वरचा आणि खालचा फलाट यांच्यामधला जिना आणि या सगळ्यांची मराठी नावं स्वतः नोंदवा. दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवू नका, जागेवर जाऊन पाहिलेलंच लिहा.